गोधडीची कैफियत

पगारदार माणसांनी शनिवार-रविवारी घरी बसून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवाव्यात या प्रकाराविषयी आमच्या गोंदियातील एका विद्वान मित्राने परवा एका छोटेखानी सभेत जे प्रतिपादन केले, त्यास उत्तर देणे मला प्राप्त झाले आहे. कारण त्यांनी नाव कोणाचेच घेतले नसले तरी सभेतल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, आणि ज्याच्यावर फिर्याद आहे त्याची कैफियत घेतल्यावाचून निकाल देऊ नये, हा महसूल खात्यात केस पांढरे केलेल्या माणसाच्या अंगी मुरलेला संस्कार आहे. सदर मित्र अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा व्यासंग, त्यांचे वक्तृत्व आणि त्यांची सचोटी यांविषयी मला नितांत आदर आहे. माझी तक्रार आहे ती त्यांच्या हिशेबाविषयी, आणि त्याहूनही अधिक, कोणत्या गोष्टीचा हिशेब मागावा याविषयीच्या त्यांच्या समजुतीविषयी.

त्यांचा पूर्वपक्ष त्यांच्याच जोमाने मांडला पाहिजे. बाजारात उबदार ब्लँकेट काहीशे रुपयांत मिळते. उलट एक गोधडी हाताने शिवायला कित्येक शनिवार-रविवार खर्ची पडतात, आणि त्या तासांची किंमत शिवणाऱ्याच्या पगाराच्या दराने लावली तर ती गोधडी पैठणीच्या भावात जाते. सबब हा शुद्ध अपव्यय होय. शिवाय, ज्या वस्तूचा जन्म दारिद्र्याच्या पोटी झाला ती वस्तू पोटभर जेवलेल्या माणसाने हौसेने करावी यात त्यांना दारिद्र्याची नक्कल दिसते. गाडगेबाबांनी अंगावर चिंध्या घेतल्या त्या व्रत म्हणून आणि तुम्ही घेता त्या शोभा म्हणून, असे ते म्हणाले तेव्हा टाळ्याही पडल्या. शिवणकामावर जिचे पोट आहे त्या बाईच्या तोंडचा घास असले हौशी लोक काढून घेतात. आणि इतके असूनही छंद पुरवायचाच असेल तर निदान एखाद्या बचत गटाशी तो जोडून त्याचा रीतसर उद्योग करावा, म्हणजे जिल्ह्याचे काही कल्याण तरी होईल. जाता जाता, पुरुषाने सुई-दोरा घेऊन बसणे हे काही दृष्टीला बरे दिसत नाही, असेही त्यांनी हसत हसत सुचविले. अखेरीस ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण ऐकवून ते खाली बसले.

प्रथम अपव्ययाचे पाहू. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, आणि त्याच्या बदल्यात रोजची हजेरी पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली. म्हणजे ज्या शनिवारविषयी प्राध्यापकमहाशय आम्हांस जाब विचारतात, त्याची भरपाई आम्ही सोमवार ते शुक्रवार आधीच करून चुकलेलो असतो. आता जो तास चुकता होऊन माझ्या खाती जमा झाला, त्याला पुन्हा पगाराचा दर लावून तो खर्चाच्या बाजूस टाकणे ही खतावणीतली अशी चूक आहे की कोणत्याही कारकुनाचा कान धरला जावा. मी त्या शनिवारी गोधडी शिवली नसती तर सरकारने मला जादा वेतन दिले असते असे नाही. फार तर दूरचित्रवाणीवरील चार चर्चा ऐकून माझे डोके दुखले असते. प्राध्यापकमहाशय स्वतः रोज पहाटे तासभर फिरावयास जातात, आणि त्या तासाला निवृत्तिवेतनाचा दर लावून त्यांच्या आरोग्याची किंमत कोणी काढलेली माझ्या ऐकिवात नाही. शिवाय महसूल खात्यातल्या माणसाचा शनिवार हा कागदावर जितका अखंड दिसतो तितका तो हाती लागत नाही. दिवाळीनंतर धान खरेदीची धांदल असते, अवकाळी पावसाने बांध्यांत उभे किंवा कापून ठेवलेले धान भिजले की पंचनामे निघतात, आणि कोणतीही निवडणूक आली की तिचे प्रशिक्षण हटकून रविवारी ठेवलेले असते; त्यातून जो अवकाश उरतो त्यात घरची लग्ने, पाहुणे आणि पाण्याच्या टाकीची सफाई बसवावी लागते. गोधडीला एवढे दिवस का लागतात याचे निम्मे उत्तर या वेळापत्रकात आहे.

राहता राहिले ते स्वस्त ब्लँकेट, ज्याच्या पायावर हा सगळा युक्तिवाद उभा आहे. थंडीच्या तोंडावर आमच्या बाजारात रस्त्याच्या कडेला ब्लँकेटांच्या थप्प्या लागतात, आणि माल कुठला म्हणून विचारले तर विक्रेता बहुधा पानिपतचे नाव सांगतो. मराठी माणसाला ते नाव १७६१ पासून निराळ्या कारणासाठी पाठ आहे; परंतु आज ते गाव देशोदेशींहून येणारे टाकाऊ लोकरी कपडे फाडून, त्यांचे तंतू मोकळे करून, त्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणण्याच्या धंद्यासाठी सर्वत्र ओळखले जाते. म्हणजे चिंध्यांचे पांघरूण करणे हा वेडेपणा असेल तर तो पानिपतात यंत्रांच्या बळावर आणि गाठोड्यांच्या हिशेबाने चालतो, आणि माझा वेडेपणा त्यापुढे एका चटईएवढाच आहे. फरक इतकाच की माझ्या चिंध्या कोणाच्या होत्या हे मला ठाऊक असते. ब्लँकेटांची दुसरी जात असते गुळगुळीत, फुलाफुलांच्या पॉलिएस्टरची. ती दिसायला भरदार असते हे मी मान्य करतो. परंतु तिला घाम शोषता येत नाही, आणि शेकोटीची एक ठिणगी तिच्यावर पडली की ती वितळून चिकटते. सुती गोधडीच्या थराथरांत हवा कोंडून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि सकाळी उन्हात टाकली की दुपारपर्यंत ती पुन्हा हलकी होते. विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातमीत ज्या गोंदियाचे नाव पौषात वारंवार येते, तेथील माणसाला ही मीमांसा विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. खळ्यावर धानाची राखण करीत तणसावर निजणाऱ्याने, किंवा मंडईच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक भैरवीपर्यंत पाहत उघड्या मैदानात बसणाऱ्याने, गोधडी अंगावर घेऊन ती सिद्ध केलेली आहे.

परंतु एवढ्याने प्राध्यापकमहाशयांचे समाधान झाले आणि ते म्हणाले की ठीक आहे, गोधडी परवडते, तर तो विजय मला नको आहे. गोधडी परवडते म्हणून मी शिवीत नाही. आणि ती परवडत नाही असे उद्या सप्रमाण सिद्ध झाले तरी मी ती शिवीनच. माझा खरा वाद, हाताच्या प्रत्येक कामाला दर विचारण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिच्याशी आहे. आणि हा वाद इतरत्र कोठे नसला तरी या जिल्ह्यात अवश्य घातला पाहिजे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आठ तालुक्यांचा हा जिल्हा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून येथील हातांना दराशिवाय राहू दिलेले नाही. ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन बाया तेंदूची पाने तोडतात, घरी आणून त्यांचे पुडे बांधतात, आणि खरेदीच्या फडावर ते पुडे शेकड्याने मोजले जातात. पावसाळ्यात रोवणीला चिखलात वाकतात त्या रोजाने किंवा मक्त्याने. आणि वर्षभर, अंगणात, ओसरीवर, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात त्या हजाराच्या दराने. विडी कारखान्याचा सट्टेदार पान आणि तंबाखू तोलून देतो, विड्या मोजून घेतो, मनास न आल्या तर छाट काढतो, आणि छाटीत गेलेल्या विडीला लागलेला वेळ कोणत्याच वहीत चढत नाही. कात्रीने पान कापणे, तंबाखू भरणे, विडी वळणे, दोरा बांधणे, तोंड मोडणे या क्रिया त्या बोटांना इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की बोलणे चालू असते, लेकराला दटावणे चालू असते, आणि बोटे मात्र मोजत असतात.

या सगळ्या जमाबंदीतून सुटलेले असे हाताचे टिकाऊ काम मला एकच दिसते, आणि ते म्हणजे गोधडी. धान चुरून झाल्यापासून तेंदूचा हंगाम लागेपर्यंतच्या दुपारी, शेणाने सारवलेल्या अंगणात चारदोन शेजारणी जमवून बाया जी गोधडी शिवीत आल्या, तिचा दर कोणी ठरविला नाही, तिची छाट कोणी काढली नाही, आणि ती कोणाच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली की मोजण्याचा प्रश्नच मिटला. तिच्यावर कोणते ठिगळ कोठे बसवावे हे सांगणारा मुकादम नव्हता. ज्या बाईच्या प्रत्येक विडीची लांबी दुसऱ्याने ठरविलेली, तिने लाल काठ मध्येच तिरका लावला तर तो तिच्या मर्जीने लावला, आणि दिवसातून तिची मर्जी चालण्याची ती बहुधा एकच जागा होती. प्राध्यापकमहाशयांनी दराचा प्रश्न विचारला तो नेमका या जागी, आणि माझ्या मते तो तेथे विचारावयाचा नव्हता.

मुद्देमाल न पाहता निवाडा करू नये, म्हणून सध्या आमच्या घरी अंथरलेल्या गोधडीचेच वर्णन करतो. तिच्या पोटात दोन थर आहेत माझ्या मावशीच्या सुती नऊवारीचे, एक थर वडिलांच्या धोतराचा, आणि वरचा थर मिळून आलेल्या तुकड्यांचा. धुऊन, खळ पार काढून, उन्हात वाळवून ही वस्त्रे एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, लोखंडी अडकित्ता असे जे जड मिळेल ते ठेवायचे, आणि मधून कडेकडे तळहाताने सारवीत न्यायचे. ही मधून कडेकडे सारवण्याची क्रिया ज्याने घाईने उरकली त्याची गोधडी तेथेच बिघडली. कारण शिवण चालते ती याच्या उलट, कडेपासून फेऱ्याफेऱ्यांनी आत, आणि कापडात राहिलेली प्रत्येक ढिलाई सुई आपल्यापुढे लोटीत नेऊन अखेर नेमकी मध्यभागी आणून ठेवते, जेथून तिला जावयास वाट नसते. मग तेथे असा झोल पडतो की तो वर्षानुवर्षे झोपणाऱ्याच्या पाठीस टोचावा. म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांस बांधून टाकायचे, आणि मगच धावदोऱ्याला हात घालायचा. यंदा हिरव्या रंगाच्या मोहाने वरच्या थरात टेरिकॉटच्या साडीचा एक तुकडा घेतला गेला. सुती कापड सुईला धरून ठेवते, टेरिकॉट निसटते. दोन फेऱ्यांत तो तुकडा बोटभर सरकला आणि त्याच्या शेजारच्या धोतराला चुण्या पडल्या. आमच्या मंडळींनी चष्मा न लावताच त्यावर बोट फिरविले आणि एवढेच म्हटले, “इथून उसवा.” उसवले. त्या उसवण्याला लागलेल्या रविवारचा दर काय, हे मात्र प्राध्यापकमहाशयांनी सांगावे.

हे सगळे हातानेच करण्याचा माझा हट्ट आहे असाही एक समज आहे, तो खोटा आहे. घरी पायमशीन आहे. गोधडीच्या कडेची पट्टी मी मशीनवरच टीप मारून बसवितो, आणि वीज गेली तरी पायमशीन चालते हा तिचा या भागात लहान गुण नव्हे. परंतु चार-पाच थरांचे कापड तिच्या दाबपट्टीखाली घातले की खालचा थर पुढे ओढला जातो आणि वरचा मागे राहतो, म्हणून मधले अंग हाताने शिवावे लागते. यात तत्त्वज्ञान काही नाही. यंत्राविरुद्ध सर्वांत कठोर बोललेल्या गांधीजींनी देखील १९२४ साली रामचंद्रन या तरुणाशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून सोडले होते, आणि त्याचे कारण असे दिले होते की ते यंत्र बायकोला हाताने शिवीत बसावे लागू नये या प्रेमातून जन्मले. शिवणाऱ्या माणसाचा विचार करून शिवणाचा विचार करण्याची ही रीत मला त्या विद्वान मित्रांच्या रीतीहून अधिक शास्त्रीय वाटते.

गाडगेबाबांचा दाखला मात्र त्यांनी असा फेकला की त्यास सोडून जाणे बरे नव्हे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवलेला हा पुरुष अंगावर चिंध्यांची गोधडी वागवी हे खरे, आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत हेही खरे; परंतु चिंधी ही गरिबांची राखीव मालमत्ता आहे, इतरांनी तिला शिवू नये, असा उपदेश त्यांनी कधी केल्याचे मला ठाऊक नाही. त्यांचा उपदेश होता तो गाव झाडण्याचा, उधळपट्टी टाळण्याचा, आणि मिळालेला पैसा धर्मशाळा व शाळा यांस लावण्याचा. दारिद्र्य म्हणजे दुसरे पांघरूण नसणे. माझ्या घरी दुसरे आहे, तिसरेही आहे, आणि ते मी लपवीत नाही. भाताची पेज ही गरिबाच्या घरची, म्हणून तापाने फणफणलेल्या सावकाराने ती पिऊ नये काय? नक्कल तेव्हा होते जेव्हा नवे कोरे कापड मुद्दाम फाडून, त्याला जुनेपणाचा रंग देऊन, मोठ्या शहरातल्या दुकानात ‘ग्रामीण’ म्हणून हजारोंना विकले जाते. त्या व्यापारावर प्राध्यापकमहाशयांनी व्याख्यान द्यावे. मी पहिल्या रांगेत बसेन.

आता त्यांच्या सर्वांत सद्भावपूर्ण आणि म्हणूनच सर्वांत धोक्याच्या सूचनेकडे येतो, की याचा उद्योग करा. ज्यांना विकावयाचे आहे त्यांनी अवश्य विकावे. बचत गटांच्या बायकांनी राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या आधाराने मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत आपला माल नेला, याचा मला अभिमान आहे, आणि त्यांच्या गोधडीला मजुरी पुरेपूर मिळावी, एक रुपयाही कमी मिळू नये, असे माझे म्हणणे आहे. परंतु जे विकले जात नाही ते वाया गेले, या सिद्धान्ताला मी मान्यता देणार नाही. आणि विक्रीचा हात लागताच वस्तूचे काय होते याचा एक दाखला सातासमुद्रापलीकडून देतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज त्याच जमिनीवर गुलाम म्हणून राबले, शेतात झिजलेले कामाचे कपडे जोडून पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवीत आल्या. १९६६ साली त्या परिसरात गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था निघाली, आणि १९७२ साली सीअर्स या प्रचंड व्यापारी पेढीने तिला कॉर्ड्युरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. काम मिळाले, पैसा मिळाला, फार चांगले झाले. परंतु पेढीला हवा होता तो एकासारखा दुसरा नग, आणि त्यात मर्जीला जागा नव्हती. त्या कामातून उरलेले कॉर्ड्युरॉयचे तुकडे मात्र बायकांनी घरी नेले आणि त्यांच्या स्वतःच्या मनाच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतींवर ज्या वस्तू टांगल्या गेल्या व २००६ साली ज्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली, त्या या वस्तीतील गोधड्या होत्या, अभ्रे नव्हते. दर असलेले काम आणि बिनदराचे काम एकाच घरात, एकाच सुईने, एकाच कापडावर चालले, आणि जगाने पुढे कशाला मान दिला हे प्राध्यापकमहाशयांनी पाहावे. जगाने मान दिला नसता तरी माझा मुद्दा तसाच राहिला असता, हेही नमूद करून ठेवतो.

घास काढून घेण्याच्या आरोपाचे उत्तर थोडक्यात देता येते. शिवणकामावर पोट भरणारी बाई आमच्या गल्लीत आहे. ती फॉल लावते, पिको करते, ब्लाउज शिवते. तिच्याकडे येणारे काम जे कमी झाले ते तयार कपड्यांच्या दुकानांनी केले, माझ्या गोधडीने नव्हे, कारण गोधडी शिवून द्या म्हणून तिच्याकडे कोणी येत नाही. उलट ज्याने स्वतः दोरा ओढला आहे, ज्याचे बोट अंगुस्तान घालूनही संध्याकाळी ठणकले आहे, तो तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करीत नाही. कापडाची आणि कष्टाची किंमत कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

पुरुषाने सुई घ्यावी की नाही, हा प्रश्न खरे म्हणजे संत नामदेव ज्या शिंपी कुळात जन्मले त्या कुळाचे स्मरण असणाऱ्या महाराष्ट्रात पडावयास नको होता. आमच्या बाजारपेठेत आजही मशीनवर बसलेले बहुसंख्य कारागीर पुरुषच आहेत, आणि त्यांना पाहून कोणास हसू येत नाही. तेव्हा शिवणाला पैसा मिळाला की ते पुरुषाचे काम ठरते, आणि पैसा मिळाला नाही की ते बायकी होते. म्हणजे पुन्हा तोच दर, फक्त या वेळी तो लाजेचे रूप घेऊन आलेला. मी बिनपैशाचे शिवण करतो म्हणून मला कमीपणा येत असेल, तर घरोघरीच्या ज्या बायकांनी जन्मभर बिनपैशाचे सगळेच केले त्यांच्याविषयी आपले मत काय आहे, हे त्या हसण्यातच उघड होते. आमच्या घरापुरते सांगायचे तर ज्या शनिवारी मधल्या खोलीत गोधडी अंथरलेली असते त्या शनिवारी दुपारचा स्वयंपाक मी करतो. कारण माझ्या सुटीचा भार मंडळींच्या डोक्यावर टाकून मी छंदाचे समर्थन करू लागलो, तर प्राध्यापकमहाशयांच्या आधी मंडळीच माझ्यावर फिर्याद गुदरतील, आणि ती टिकेल.

यावरून मी प्राध्यापकमहाशयांच्या त्या एका आक्षेपापाशी येतो, जो त्यांनी स्पष्ट मांडला नाही पण ज्याचा काटा त्यांच्या प्रत्येक वाक्यात होता, आणि ज्यात मला तथ्य दिसते. शनिवार-रविवारचा छंद ही पगारदाराची चैन आहे, विडी वळणाऱ्या बाईला शनिवार नाही. हे खरे आहे. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी जो कायदा झाला त्याने आठवड्याच्या सुटीची तरतूद केली ती कारखान्याच्या आवारासाठी. घरच्या ओसरीवर, सट्टेदाराकडून पान-तंबाखू आणून जी बाई विड्या वळते, तिच्या ओसरीला कुलूप कोण लावणार? तिने रविवारी हात थांबविला तर तो रविवार तिच्या मजुरीतून वजा होतो. म्हणून तिची गोधडी मागे पडते, आणि मग बोहारणीला लुगडी देऊन तिला स्टीलचे पातेले आणि बाजारचे ब्लँकेट घ्यावे लागते. एवढे सगळे मान्य करूनही निष्कर्ष मात्र प्राध्यापकमहाशय काढतात तो निघत नाही. तिला शनिवार नाही, सबब मीही माझा शनिवार कामी लावावा, असे म्हणण्याने तिच्या वाट्यास एक तासही येत नाही. सट्टेदाराची वही मात्र आणखी एका घरात उघडली जाते. निष्कर्ष निघतो तो असा की घरी बसून विड्या वळणारीलाही आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुटी मिळाली पाहिजे, आणि त्या दिवशी तिने गोधडी शिवली, नाटक पाहिले, किंवा नुसती झोप काढली, तर त्याचा हिशेब तिला कोणी विचारू नये.

प्राध्यापकमहाशयांचे अर्थशास्त्र, त्यांची लेखणी आणि कामगार खात्यातल्या अधिकाऱ्यांशी त्यांचा जुना परिचय हे तिन्ही या कामी उपयोगी पडण्यासारखे आहेत. त्यांनी तशा मागणीच्या अर्जाचा मसुदा करावा. स्वच्छ प्रत मी तयार करून देतो, आमच्या गल्लीतल्या विडी कामगार बायांच्या सह्या आणि अंगठे मिळविण्याचे काम मंडळींनी पत्करले आहे, आणि दाखल करण्यासाठी सोमवारी कचेरी उघडते.